पहारा सैल करणारे औषध

संकेश्वर हे पुणे–बंगळूर महामार्गावरचे गाव. येथील माणसाला मोठे दुखणे आले की तो दक्षिणेस बेळगाव गाठतो, नाही तर उत्तरेस कोल्हापूर वा मिरज. अशा शहरांतील मोठ्या रुग्णालयांत अलीकडे एक वेगळ्याच प्रकारचा रुग्ण दिसू लागला आहे. तो खाटेवर निजलेला नसतो. खुर्चीत टेकून बसलेला असतो. हाताच्या शिरेत सुई, वर टांगलेली बाटली, आणि तीतून थेंबाथेंबाने उतरणारे पाण्यासारखे औषध. दोन-तीन तासांनी सुई निघते आणि तो एस. टी. धरून घरी येतो. शेजारीपाजारी चौकशी करतात, तेव्हा घरचे सांगतात, “सलाईन लावून आणले.”

परंतु ते साधे सलाईन नव्हे. अशक्तपणा आला म्हणून चढविलेले मिठाचे अथवा साखरेचे पाणी निराळे आणि हे औषध निराळे. शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती हेतुपुरस्सर कमी करणे, हे याचे काम. ऐकणाऱ्यास नवल वाटेल. प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून आपण च्यवनप्राश खातो, मुलांना लसी टोचून घेतो. मग ती कमी करण्याचे औषध कोणी कशासाठी घ्यावे?

याचे उत्तर असे की, शरीरातील पहारेकरी कधी कधी घरच्याच माणसांना चोर समजू लागतात. आमवातात ते सांध्यांच्या अस्तरावर तुटून पडतात आणि बोटे वाकडी होतात. क्रोन नावाच्या विकारात ते आतड्याला जखमा करतात. दुसऱ्याचे मूत्रपिंड बसविले असेल, तर ते परके म्हणून त्याचा नाश करू पाहतात. अशा वेळी पहारा सैल करावा लागतो. परंतु पहारा सैल झाला की खरा चोरही आत येतो. आणि जो पूर्वीच आत शिरून अडगळीत दडलेला असतो, तो बाहेर पडतो. या औषधांच्या गंभीर दुष्परिणामांचे सार एवढ्या एका वाक्यात आहे. ते वैद्यकाला कसे आणि कोणत्या किमतीने उमगले, याचा वृत्तान्त आज सांगावयाचा आहे. मी वैद्य नव्हे, शिक्षक आहे. म्हणून उपचार सांगण्याचा अधिकार माझा नाही. घडलेले क्रमवार सांगणे एवढेच माझे काम.

या इतिहासाचा आरंभ घोड्यापासून होतो. १८९० साली बर्लिन येथे एमिल फॉन बेरिंग आणि त्यांचे जपानी सहकारी शिबासाबुरो कितासातो यांनी दाखवून दिले की, धनुर्वात व घटसर्प यांचे विष थोड्या थोड्या प्रमाणात जनावराला टोचले, तर त्याच्या रक्तात त्या विषावर उतारा तयार होतो, आणि तो उतारा दुसऱ्या प्राण्याला उपयोगी पडतो. पुढे घोड्यांच्या रक्तातून हा रक्तरस विपुल मिळू लागला आणि घटसर्पाने गुदमरणारी असंख्य मुले वाचली. आपल्या भागाला या विद्येची ओळख सापाच्या निमित्ताने आहे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सर्पांच्या विषावरील जी ‘लस’ आपण म्हणतो, तीदेखील घोड्याच्या रक्तापासूनच होते. मुंबईच्या हाफकिन संस्थेत हे काम अनेक दशके चालत आले आहे. उसाच्या फडात साप चावलेल्या माणसाला हे औषध शिरेवाटे देताना सरकारी दवाखान्यातील डॉक्टर ॲड्रेनलीनची सुई जवळ भरून ठेवतात, हे ज्याने पाहिले असेल, त्याने या इतिहासाचा पहिला धडा प्रत्यक्षच पाहिला आहे.

तो धडा व्हिएन्ना येथील दोन बालरोगतज्ज्ञांनी लिहून ठेवला. क्लेमेन्स फॉन पिर्के आणि बेला शिक यांनी १९०५ साली रक्तरसाच्या रोगावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. रक्तरस टोचलेल्या मुलांपैकी काहींना आठ-बारा दिवसांनी ताप येई, अंगावर पित्त उठे, सांधे सुजत. तेच औषध पुन्हा दिले तर हा त्रास अधिक लवकर आणि अधिक जोराने होई. यावरून त्यांनी अनुमान काढले की, हा विकार औषधातील विषाने होत नाही. परक्या प्राण्याचा पदार्थ ओळखून शरीरच त्याच्यावर उठते. पुढील वर्षी पिर्के यांनी या प्रकाराला ‘ॲलर्जी’ हा शब्द योजला, तो आज आपल्या घराघरांत रुळला आहे. म्हणजे, रक्तात सोडलेले परके औषध शरीर मुकाट्याने स्वीकारील असे धरून चालू नये, हे शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच कळले होते. आजच्या औषधांच्या बाबतीतही पहिल्या दोन तासांत थंडी वाजणे, छाती आवळणे, रक्तदाब उतरणे हे जे धोके सांगतात, त्यांचे मूळ येथे आहे. परिचारिका थेंबांची गती प्रथम मंद ठेवते आणि पुन्हा पुन्हा नाडी पाहते, ती याच कारणाने.

दुसरा धडा आमवाताच्या निमित्ताने मिळाला. सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिक येथे डॉ. फिलिप हेंच यांनी आमवाताने जखडलेल्या एका तरुण स्त्रीला एडवर्ड केंडॉल यांनी शोधलेले द्रव्य टोचले. काही दिवसांतच ती चालू-फिरू लागली. हेच कॉर्टिझोन, म्हणजे आज आपण ज्याला स्टेरॉइड म्हणतो त्या कुळातले औषध. जगभर आनंदाची लाट उसळली आणि १९५० साली या संशोधनाला नोबेल पारितोषिक मिळाले. तथापि, तोच काळ या औषधाची दुसरी बाजू दाखविणारा ठरला. चेहरा सुजे, हाडे ठिसूळ होत, रक्तातील साखर वाढे. आणि ज्यांना पूर्वी क्षय होऊन गेला होता, त्यांपैकी काहींचा क्षय पुन्हा उचल खाई. सूज उतरविणारे औषध पहाराही उतरविते, हे प्रथम मोठ्या प्रमाणावर येथे ध्यानात आले.

त्यानंतर अवयवरोपणाचे युग आले. १९५४ साली बॉस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी एका भावाचे मूत्रपिंड त्याच्या जुळ्या भावाला बसविले आणि ते चालले. अगदी सारख्या जुळ्यांत परकेपणा नसतो, म्हणून पहारेकरी शांत राहिले. परंतु सर्वांना जुळे भाऊ कोठून असणार? मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९६५ मध्ये मूत्रपिंडाचे रोपण झाले. तो रुग्ण फार दिवस जगला नाही. त्याच रुग्णालयात १६ फेब्रुवारी १९६८ रोजी डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदयरोपण केले; तो रुग्ण अवघे तीन तास जगला. शस्त्रवैद्याच्या हाताला यावयाचे ते कौशल्य आले होते. परकेपणाचा प्रश्न मात्र त्या काळी जगभर अनिर्णीत होता. १९७१ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात मूत्रपिंडरोपण यशस्वी झाले, तेव्हा ॲझाथायोप्रीन नावाची गोळी वैद्यांच्या हाती आली होती. जॉर्ज हिचिंग्ज आणि गर्ट्रूड एलियन यांनी ती सिद्ध केली होती. ती घेणाऱ्याचे नवे मूत्रपिंड टिके. परंतु साध्या जंतूंनीही त्याला धोका पोहोचे. रोपण झालेल्या रुग्णांचा मृत्यू पुष्कळदा त्या अवयवाने न होता संसर्गाने होई.

येथे घोडा पुन्हा एकदा इतिहासात येतो. मानवी पांढऱ्या पेशी घोड्याला टोचून त्यांच्यावरचा उतारा तयार करावा आणि तो रोपणाच्या रुग्णाला द्यावा, हा उपाय अमेरिकेतील डॉ. थॉमस स्टार्झल यांनी १९६६ च्या सुमारास सुरू केला. पहारेकऱ्यांनाच पकडणारे असे हे औषध होते. त्यात दोष असा की, घोड्याच्या रक्तरसात नाना प्रकारची प्रतिद्रव्ये एकत्र असतात. नेमके एकच हवे असेल तर ते वेगळे कसे काढावयाचे? हा प्रश्न १९७५ साली केंब्रिज येथे जॉर्जेस कोलर आणि सीझर मिलस्टीन यांनी सोडविला. उंदराची एक पेशी कर्करोगाच्या पेशीशी जोडून त्यांनी अशी पेशी बनविली की, जी न थकता एकाच जातीचे प्रतिद्रव्य पाझरत राहील. आज शिरेवाटे दिल्या जाणाऱ्या या नव्या औषधांपैकी बहुतेकांचा वंश येथून सुरू होतो. त्यांतील पहिले, मुरोमोनॅब, १९८६ च्या सुमारास मूत्रपिंडरोपणासाठी वापरात आले. त्याच्या पहिल्या-दुसऱ्या मात्रेला कित्येकांना हुडहुडी भरे, ताप चढे, काहींच्या फुप्फुसांत पाणी भरे. पुढील काळात अधिक सौम्य औषधे आली आणि ते मागे पडले.

आता मी या वृत्तान्ताच्या ऐन मध्यावर येतो. आणि याच भागाचा आपल्या सीमाभागाशी सर्वांत निकटचा संबंध आहे.

लंडनमध्ये पंजाबात जन्मलेले डॉ. रविंदर मैनी आणि त्यांचे सहकारी मार्क फेल्डमन यांनी आमवाताचा अभ्यास करताना पाहिले की, सांध्यातील आगीला एक विशिष्ट द्रव्य सतत तेल घालीत असते. त्याचे नाव ‘टीएनएफ’. ते एकच अडविले तर? १९९२ मध्ये त्यांनी इन्फ्लिक्सिमॅब हे औषध काही रुग्णांना शिरेवाटे दिले आणि उठणे-बसणे अशक्य झालेली माणसे जिना चढू लागली. १९९८ साली अमेरिकेत क्रोनच्या विकारासाठी आणि त्यानंतरच्या वर्षी आमवातासाठी त्याला मान्यता मिळाली. दोन तास थेंबाथेंबाने द्यावयाचे, दोन आणि सहा आठवड्यांनी पुन्हा, मग दर आठ आठवड्यांनी, असा त्याचा क्रम ठरला.

परंतु तेच टीएनएफ शरीरात आणखी एक काम करीत असते. क्षयाचा जंतू श्वासावाटे आत गेला, तर बहुतेक माणसांत तो मरत नाही आणि रोगही करीत नाही. पहारेकरी पेशी त्याच्याभोवती गोल कडे करून त्याला जणू भिंतीत चिणून टाकतात. तो तेथे वीस-तीस वर्षे निपचित राहतो. माणसाला त्याचा पत्ताही नसतो. ही भिंत उभी ठेवण्यास टीएनएफ लागते. ते अडविले की भिंत ढासळते.

२००१ साली अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात जोसेफ कीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक लेख आला. तोवर जगात सुमारे १ लाख ४७ हजार लोकांनी हे औषध घेतले होते. त्यांपैकी क्षय झाल्याची ७० प्रकरणे औषधाच्या नियामक कचेरीकडे कळविली गेली होती. ४८ जणांना तीन किंवा त्याहून कमी मात्रांतच रोग उद्भवला होता. ४० जणांत तो फुप्फुसाबाहेर, लसिकाग्रंथींत, पोटात वा अन्यत्र पसरला होता, जेथे तो सहजासहजी ओळखू येत नाही. या लेखातील आणखी एक आकडा मला महत्त्वाचा वाटतो. त्या ७० पैकी ६४ प्रकरणे अशा देशांतील होती, जेथे क्षय फारसा आढळत नाही.

श्रोतेहो, जेथे क्षय विरळा तेथे असे घडले, तर आपल्याकडे काय? जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत असे आढळले की, १५ वर्षांवरील सुमारे ३१ टक्के लोकांच्या शरीरात क्षयाच्या जंतूची खूण आहे. हे सारे रोगी नव्हेत. बहुतेकांची भिंत जन्मभर शाबूत राहील. परंतु ज्याला पहारा सैल करणारे औषध द्यावयाचे आहे, त्याच्या बाबतीत हा आकडा विसरून चालत नाही.

आपल्या मुलखाला क्षय काही नवा नाही. मिरजेजवळच्या वानलेसवाडीचे नाव आजही जुन्या माणसांच्या तोंडी आहे. डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेत रुग्णसेवा उभी केली आणि पुढे त्या परिसरात क्षयाचे आरोग्यधाम झाले. गुणकारी औषधे येण्यापूर्वी स्वच्छ हवा, दूध-अंडी आणि विश्रांती एवढ्यावर रुग्ण तेथे महिनोन्‌महिने राहत. कित्येक बरे होऊन घरी परतले, संसाराला लागले, म्हातारे झाले. परंतु घरात त्या दिवसांचा उच्चार पुन्हा कोणी केला नाही. मुलीचे लग्न अडेल, सोयरीक मोडेल, गावात कुजबुज होईल, या भीतीने ‘क्षय’ हा शब्दच घरातून हद्दपार झाला. “तेव्हा छातीत थोडे भरले होते,” एवढ्यावर प्रकरण मिटविण्यात आले. त्यातून संकेश्वरची मिरची आणि निपाणीचा तंबाखू. मिरची कांडणाऱ्याला ठसका यावयाचा, तंबाखूच्या वखारीत बसणारीला खोकला यावयाचा, असे आपण गृहीतच धरतो. खोकल्याचे कारण विचारण्याची रीत जेथे नाही, तेथे खरा खोकला धुळीच्या नावावर सहज खपून जातो.

मग वीस-तीस वर्षांनी त्याच घरातील कोणाला आमवात होतो. डॉक्टर विचारतात, “तुम्हाला किंवा घरात कोणाला टीबी झाला होता का?” आणि अख्खे घर एकमुखाने सांगते, “नाही, नाही!” वैद्यकाच्या भाषेत या प्रश्नोत्तराला रुग्णाचा पूर्वेतिहास म्हणतात. तो शब्द मोठा समर्पक आहे. लोकांपासून लपविलेला इतिहास लोक विसरतात. शरीर विसरत नाही.

विचारपूस केल्याने खरोखर काही साधते काय, अशी शंका कोणी घेईल. त्याचेही उत्तर इतिहासात आहे. स्पेनमध्ये टीएनएफ अडविणाऱ्या औषधांनंतर क्षयाची प्रकरणे बरीच दिसू लागली, तेव्हा २००२ साली तेथील तज्ज्ञांनी नियम घालून दिले: औषधापूर्वी पूर्वेतिहास विचारावा, छातीचे चित्र काढावे, कातडीवरची क्षयाची चाचणी करावी, आणि दडलेला जंतू असल्याचे दिसले तर त्यावर आधी उपचार द्यावा. काही वर्षांनी हिशेब केला, तेव्हा असे रुग्ण ७८ टक्क्यांनी घटले होते. त्यासाठी नवे औषध शोधावे लागले नाही. विचारले, तपासले आणि उत्तर खरे मिळाले, एवढ्यानेच हे साधले. अर्थात, आपल्या देशात एकदा चाचणी निर्दोष आली म्हणून पुढे निर्धास्त राहता येत नाही. कारण येथे बाहेरून नव्याने संसर्ग होण्याचा संभवही मोठा आहे.

या कुळातील प्रत्येक औषध निराळ्या पहारेकऱ्याला अडविते. म्हणून प्रत्येकाचा धोकाही निराळा. रिटुक्सिमॅब हे औषध ‘बी’ जातीच्या पेशी नाहीशा करते. ज्यांना पूर्वी ब प्रकारची कावीळ होऊन गेली, त्यांच्या यकृतात दडलेला विषाणू त्यामुळे पुन्हा जागा होऊ शकतो, क्वचित प्राणघातकही ठरतो. म्हणून २०१३ साली अमेरिकेत या औषधाच्या वेष्टनावरील इशारा अधिक कडक करण्यात आला. नॅटॅलिझुमॅब हे मज्जासंस्थेच्या एका विकारावरील औषध नोव्हेंबर २००४ मध्ये अमेरिकेत आले आणि फेब्रुवारी २००५ मध्ये मागे घेण्यात आले. कारण एरवी निरुपद्रवी असणारा एक विषाणू काही रुग्णांच्या मेंदूत पसरला होता. २००६ मध्ये ते कडक देखरेखीच्या अटींवर परत आले. त्याच वर्षी मार्चमध्ये लंडनमधील नॉर्थविक पार्क येथे एका नव्या प्रतिद्रव्याची पहिली चाचणी सहा निरोगी तरुणांवर झाली. पहारा आवरण्याऐवजी ते उलट सर्व पहारेकऱ्यांना एकदम चेतविणारे ठरले. दीड तासाच्या आत सहाही जण अत्यवस्थ होऊ लागले. सुदैवाने सर्वांचे प्राण वाचले. तेव्हापासून अशा चाचण्यांत एका वेळी एकालाच औषध द्यावे, फार थोड्या मात्रेपासून आरंभ करावा, असे नियम कठोर झाले.

हे सारे परदेशात घडले, आपला त्याच्याशी काय संबंध, असे २०२० पूर्वी कदाचित म्हणता आले असते. त्यानंतर मात्र नाही. त्या वर्षी करोनाची साथ आली आणि काही रुग्णांची प्रतिकारशक्तीच बेफाम होऊन फुप्फुसे जाळू लागली. तेव्हा टोसिलिझुमॅब हे नाव मराठी वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर आले. ओसाका येथील डॉ. तादामित्सु किशिमोतो यांच्या संशोधनातून हे औषध निघाले. २००५ मध्ये जपानात एका दुर्मिळ विकारासाठी आणि पुढे आमवातासाठी त्याला मान्यता मिळाली. साथीच्या काळात एका मोठ्या मात्रेची किंमत सुमारे ४० हजार रुपये होती. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत साठा संपला. नातेवाईक एका शहरातून दुसऱ्या शहरात हिंडू लागले, दागिने मोडून काळ्या बाजारात कितीतरी पट किंमत देऊ लागले. जे औषध पहारा सैल करते, ते अमृत समजून लोक धावत होते.

शास्त्र काय सांगत होते? भारतातील १२ रुग्णालयांत १८० रुग्णांवर जी चाचणी झाली, तीत या औषधाचा स्पष्ट लाभ सिद्ध झाला नाही. ब्रिटनमधील ४ हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत मात्र, ज्यांना प्राणवायू लागत होता आणि दाह वाढलेला होता, त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण ३५ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले. म्हणजे योग्य रुग्णाला, योग्य वेळी दिले तर शंभरांत चार प्राण वाचत. स्टेरॉइडचेही तसेच. ज्यांना प्राणवायू लागतो, त्यांना ते तारक. ज्यांना लागत नाही, त्यांना त्याचा लाभ नाही, हे जून २०२० मध्येच कळले होते. तरी ते सौम्य आजारातही, अधिक मात्रेने आणि अधिक दिवस दिले-घेतले गेले.

पुढचा प्रसंग कोणी विसरलेला नसेल. मे २०२१ पासून म्युकरमायकोसिस, ज्याला लोक काळी बुरशी म्हणू लागले, तो रोग गावोगाव दिसू लागला. हवेत आणि मातीत सदैव असणारी ही बुरशी एरवी आपल्याला काही करीत नाही. पण रक्तातील साखर वाढलेली आणि पहारा सैल झालेला असला की ती नाकातून डोळ्यांत आणि डोळ्यांतून मेंदूत शिरते. कित्येकांचा जबडा काढावा लागला, कित्येकांचा डोळा. जुलै २०२१ पर्यंत देशात ४५ हजारांहून अधिक रुग्ण आणि ४ हजार ३०० हून अधिक मृत्यू नोंदले गेले. त्यांत सर्वाधिक, ९ हजारांहून जास्त, रुग्ण महाराष्ट्रातील होते. मुख्य दोष आटोक्यात नसलेल्या मधुमेहाचा आणि स्टेरॉइडच्या अतिरेकाचा होता. प्रतिकारशक्ती दाबणारी अन्य औषधे हे त्यातील आणखी एक कारण. हेंच यांच्या औषधाने साखर वाढते, पहारा उतरतो, हे सत्तर वर्षांपूर्वी ठाऊक झालेले सत्य गर्दीत आणि घाबरगुंडीत विसरले गेले, आणि त्याची किंमत घराघरांनी दिली.

श्रोतेहो, हे ऐकून कोणी भिऊ नये. भीतीने औषध टाळणारा आणि औषधाला अमृत समजणारा, दोघेही सारखेच फसतात. आमवाताने तरुणपणी पांगळे होऊन कोपऱ्यात पडलेली माणसे जुन्या पिढीने पाहिली आहेत. आज तशीच माणसे शेतावर जातात, भाकरी थापतात, नोकरी करतात, हे या औषधांचेच देणे आहे. हैदराबादच्या एका कंपनीने २००७ मध्ये रिटुक्सिमॅबची भारतीय आवृत्ती काढली, आणि त्यानंतर अशी कितीतरी औषधे येथे स्वस्तात होऊ लागली. म्हणजे यापुढे ती अधिक गावांत, अधिक घरांत पोहोचणार. म्हणूनच त्यांच्याबरोबर त्यांचा इतिहासही पोहोचला पाहिजे.

तेव्हा औषध सुरू होण्यापूर्वी डॉक्टरांना सर्व सांगावे. क्षय झाला असेल तर सांगावे. आई, वडील, आजोबा, शेजारी, कोणाच्या क्षयाच्या सहवासात राहिलात तेही सांगावे. कावीळ, मधुमेह, गर्भारपण, कोणत्या लसी घेतल्या, हे सांगावे. जिवंत जंतूंच्या काही लसी अशा उपचारात देता येत नाहीत, म्हणून त्याही आधी विचाराव्यात. सुई लागलेली असताना अंग खाजले, थंडी वाजली, धाप लागली, तर लाजून गप्प न बसता तत्काळ परिचारिकेला हाक मारावी. घरी आल्यावर ताप, न थांबणारा खोकला, रात्रीचा घाम, वजन घटणे, डोळे पिवळे होणे, यांतील काहीही दिसले, तर गावातल्या गोळीवर भागवू नये. ज्यांनी औषध सुरू केले त्यांच्याकडे जावे. टोसिलिझुमॅबसारखे औषध ताप आणि रक्तातील दाहाची खूण दोन्ही झाकून टाकते, म्हणून ताप नाही एवढ्यावर निश्चिंत होऊ नये. त्या औषधात पोटात एकाएकी कळ आली तर तीही दुर्लक्षू नये, कारण क्वचित आतड्याला छिद्र पडते. दात काढावयास गेलात, पायाला जखम होऊन गेलात, तरी त्या डॉक्टरला या औषधाचे नाव सांगावे. ‘सलाईन लावले’ म्हणू नये; नाव कागदावर लिहून घेऊन तो कागद खिशात ठेवावा. आणि आपल्या मनाने औषध थांबवू नये. तेही धोक्याचे असते.

या सव्वाशे वर्षांत घोडा, उंदीर, गोळी, बाटली अशी साधने बदलत गेली. परंतु धोका ओळखला गेला तो नेहमी एकाच रीतीने. कोणा रुग्णाने आपला त्रास सांगितला, कोणा वैद्याने तो लिहून ठेवला, आणि पुढच्याने तो वाचला. त्या ७० जणांची प्रकरणे कोणी कळविलीच नसती, तर आज तुमच्या-आमच्या छातीचे चित्र औषधापूर्वी कोणी मागितले नसते. संकेश्वरातील, निपाणीतील, गडहिंग्लजमधील ज्या घरात जुना क्षय आजवर लपविला गेला आहे, त्या घराने तो गावाला सांगू नये, हवे तर; परंतु दवाखान्यात, दार लावून, डॉक्टरांना अवश्य सांगावा. त्या एका खऱ्या उत्तराने घरातले एक माणूस वाचेल.